नॉर्थ कॅरोलिना करेज : २०१८ चा हंगाम
अमेरिकेतील व्यावसायिक महिला फुटबॉल क्लब. केरी (नॉर्थ कॅरोलिना) येथील या क्लबचा २०१८ चा हंगाम नॅशनल विमेन्स सॉकर लीगच्या इतिहासातील सर्वांत दिमाखदार हंगामांपैकी एक ठरला. साखळीतील २४ सामन्यांत संघाने १७ विजय व ६ बरोबरी मिळवल्या. पराभव केवळ एक. ५७ गुण व ५३ गोल करून साखळीतील अव्वल स्थानाची ‘शील्ड’ त्याने पटकावली. जुलैमध्ये मायामीत युरोपविजेत्या ल्योंवर १–० असा विजय मिळवला.

खरी कसोटी सप्टेंबरात, लीगच्या विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत लागली. ‘फ्लोरेन्स’ चक्रीवादळामुळे घरच्या मैदानावरचा उपांत्य सामना हजारो किलोमीटर दूर पोर्टलंडला हलवावा लागला. तेथे शिकागोला २–० असे नमवून चारच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, संघ पोर्टलंड थॉर्न्सविरुद्ध त्यांच्याच मैदानात अंतिम सामन्यात उतरला. आदल्या वर्षी याच संघाने त्याला अंतिम सामन्यात हरवले होते. २१,१४४ प्रेक्षकांपुढे १३ व्या मिनिटाला करेजच्या देबिन्याने पहिला गोल केला; जेसिका मॅक्डोनाल्डने दोन गोलांची भर घातली. लहान मुलाला सांभाळत कारकीर्द टिकवणारी ही आघाडीची खेळाडू सामन्याची मानकरी ठरली. निकाल ३–०.

या हंगामातील प्रशिक्षक पॉल रायली यांना पुढे २०२१ मध्ये गैरवर्तनाच्या आरोपांवरून क्लबने बडतर्फ केले. २०१८ च्या यशाचे श्रेय मात्र खेळाडूंचे आहे.