चिखल, पतंग आणि वैमानिकाचे अवधान

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव इतिहासाला दोन नात्यांनी परिचित आहे : 'पेरिप्लस'मध्ये उल्लेखिलेले तगर आणि गोरोबाकाकांचे गाव. गोरोबांच्या दोन कथा एकत्र वाचल्या, तर मराठी भक्तिपरंपरेतील 'अवधान' या संकल्पनेत दडलेला एक ताण दिसू लागतो. हाच ताण विसाव्या शतकात वैमानिकाच्या व्यवसायात पुन्हा भेटतो.

पहिली कथा सर्वश्रुत आहे. मूल गोरोबांच्या स्वाधीन करून पत्नी पाण्याला गेली. नामस्मरणात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली चिखलाबरोबर मूलही तुडवले गेले. महिपतीच्या 'भक्तविजया'ने (१७६२) व पुढे कीर्तनकारांनी ती तल्लीनतेचा आदर्श म्हणून रूढ केली. मूल अखेर परत मिळते, त्यामुळे श्रोता सुखावतो. आईचा आक्रोश मात्र कथेतून पुसला जात नाही, आणि तो केवळ भक्तीची कसोटी पाहण्यासाठी आला आहे असे मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

दुसऱ्या कथेत गोरोबा थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी पारखतात आणि नामदेवांना कच्चे ठरवतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या नावे असलेले, रामकली रागातील एक पद या संदर्भात विलक्षण ठरते. मुलगा पतंग उडवतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो, चित्त मात्र दोरीवर. पाणी आणणाऱ्या मुली हसतात, टाळ्या देतात, लक्ष घागरीवर. पाच कोसांवर चरणाऱ्या गाईचे मन वासरापाशी. शेवटी त्रिलोचनाला उद्देशून येते ती पाळण्यात मूल ठेवून घरात-बाहेर कामात गुंतलेली आई. या पदांच्या कर्तृत्वाचा वाद जुना आहे, आणि येथे चरित्रात्मक कार्यकारणभाव सुचवायचाही नाही. तरीही पाणी आणि मूल या तेरच्या कथेतील दोन्ही गोष्टी येथे परततात, आणि या वेळी मूल सुरक्षित राहते. नामाचे अनुसंधान अखंड आहे. ते हाताच्या कामाला गिळत नाही.

विमानविद्येने हा भेद फार मोठी किंमत देऊन ओळखला. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानाचे कर्मचारी पुढच्या चाकाच्या स्थितीचा दिवा का लागत नाही, या शोधात गढून गेले. दिवा जळालेला होता, इतकेच. दरम्यान स्वयंचलित यंत्रणेची उंची राखण्याची क्रिया सुटली, विमान हळूहळू खाली येत राहिले, इशाऱ्याचा नाद झाला तरी कोणाच्या ध्यानी आला नाही. शंभरजण मेले असे म्हणणेही कमीच ठरेल. निष्काळजी माणसे कामात इतकी बुडत नाहीत. येथे एकाग्रताच घातक ठरली.

म्हणून वैमानिकाला शिकवतात ती दृष्टीची फेरी : कृत्रिम क्षितिज, तेथून उंचीमापक, पुन्हा क्षितिज, मग दिशा, पुन्हा क्षितिज. संभाषण चालू राहते, नकाशा पाहिला जातो, पण नजर ठरावीक अंतराने परतते. पतंगाच्या दोरीचे हे यंत्रयुगीन रूप म्हणता येईल. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायारंभी श्रोत्यांकडे मागितलेल्या अवधानाची जात वेगळी आहे. ते श्रवणाचे आहे आणि श्रोत्याच्या हाती त्या वेळी दुसरे काही नसते. 'माइंडफुलनेस' या आजच्या परिभाषेत या दोन जाती सहज मिसळल्या जातात.

तेरच्या परीक्षेत नामदेव कच्चे ठरले. पाण्याला गेलेल्या त्या आईच्या डोक्यावर थापटणे कोणी ठेवलेच नाही.