पत्र्याचें छप्पर

श्रोतेहो, आषाढाच्या सरी पत्र्यावर ताशासारख्या वाजूं लागल्या म्हणजे घरांतलें बोलणें बंद पडतें. त्या आवाजाखालीं आपण सर्वच केव्हां ना केव्हां बसलों आहों. परंतु डोक्यावरचा तो पातळ पत्रा ऊन-पावसांत टिकतो कसा, याचा विचार विरळाच कोणी करतो.

या पत्र्याचा इतिहास लंडनच्या गोदींत सुरू होतो. तेथील अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनीं १८२९ सालीं पन्हळी पत्र्याचें पेटंट घेतलें. सपाट पत्रा स्वतःच्याच भारानें वांकतो; त्याला पन्हळी पाडल्या कीं तो ताठ राहतो. घड्या घातलेला कागद उभा राहतो, तसाच हा प्रकार. त्यामुळें रुंद गोदामांवर थोड्या आधारानें हलकें छप्पर घालतां येऊं लागलें. पत्र्याला बळ आलें खरें, पण आयुष्य आलें नव्हतें. कारण उघडें लोखंड गंजणारच.

ही उणीव भरून निघाली फ्रान्समध्यें. १८३७ सालीं स्तानिस्लास सोरेल यांनीं लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. रंगाचा थर फुटला कीं गंज आंत शिरतो. जस्ताचें तसें नाहीं. ओरखडा पडून लोखंड थोडें उघडें पडलें, तरी ओल्या हवेंत आधीं झिजतें तें शेजारचें जस्त. तें स्वतः झिजतें आणि लोखंडाला राखतें. असा लेप मिळाल्यावर पत्रा जगभर पसरला. १८४९ नंतर कॅलिफोर्नियांत आणि १८५१ नंतर ऑस्ट्रेलियांत सोन्यासाठीं माणसें धांवलीं, तेव्हां त्यांच्यामागून पत्र्याचीं घरें सुटीं करून जहाजांतून गेलीं.

परंतु जस्त संपलें कीं पत्र्याचें कवच गेलें. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत आणि गंधकमिश्रित धुरांत तें लवकर झिजतें. कोंकण किनाऱ्यावरचा पत्रा देशावरच्या पत्र्याआधीं गंजतो तो याचमुळें. यावर उपाय म्हणून अमेरिकेंतील बेथलेहेम स्टील कंपनीनें १९७२ सालीं नवा लेप बाजारांत आणला. त्यांत वजनानें शेंकडा ५५ भाग ॲल्युमिनियम, सुमारें ४३ भाग जस्त आणि थोडें सिलिकॉन असतें. ॲल्युमिनियम दीर्घकाळ तग धरतें, तर जस्त कापलेल्या कडा सांभाळतें. मात्र तांब्यावरून वाहून आलेलें पाणी याहि लेपाला मारक ठरतें.

आज पोलादी सांगाड्यांच्या अनेक इमारतींना छप्पर आणि भिंती दोन्ही पत्र्याच्याच असतात. दुकानांत आपण पत्र्याची जाडी आणि भाव विचारतों. लेपाचें वजन विचारीत नाहीं. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा शेजारीं ठेवले, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाहीं. तो कळतो कांहीं पावसाळ्यांनंतर, छप्पर गळूं लागल्यावर. म्हणून पुढच्या खेपेस पत्रा घेतांना, श्रोतेहो, हा एक प्रश्न अवश्य विचारा.