शाळेतील प्रार्थना आणि ख्रिस्ती सदसद्विवेक

शाळेत प्रार्थना व्हावी की न व्हावी, हा वाद म्हणजे आस्तिक आणि नास्तिक यांमधील झगडा होय, अशी एक समजूत रूढ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. तेथील सरकारी शाळांत वरिष्ठांच्या हुकमाने होणाऱ्या प्रार्थनेस प्रथम कळकळीने हरकत घेतली ती धर्माची चाड नसलेल्यांनी नव्हे, तर श्रद्धावान ख्रिस्ती माणसांनीच.

या विचाराचे मूळ सतराव्या शतकात सापडते. रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत राहत असे. देवाला स्मरून घेतलेली शपथ हीदेखील उपासनाच आहे. सबब ज्याच्या अंतःकरणात श्रद्धा नाही त्याच्याकडून राजसत्तेने ती वदवून घेणे हा देवाच्या नावाचा अवमान होय, असे त्याचे प्रतिपादन होते. १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसविले आणि तेथील सत्ता केवळ ऐहिक व्यवहारापुरती मर्यादित ठेवली. अमेरिकेतील बॅप्टिस्ट पंथ त्याला आपला आद्य पुरुष मानतो.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा सर्वत्र पसरल्या. त्यांपैकी अनेकींत दिवसाचा आरंभ बायबलच्या वाचनाने व येशूने शिकविलेल्या 'प्रभूच्या प्रार्थने'ने होई. चालकांच्या मते हा परिपाठ सर्व ख्रिस्ती लोकांस सामाईक होता. वस्तुतः ते बायबल प्रॉटेस्टंटांचे, राजा जेम्सच्या कारकीर्दीतील भाषांतर होते. कॅथलिकांचे भाषांतर वेगळे. प्रॉटेस्टंट लोक प्रार्थनेच्या अखेरीस जे स्तुतिवचन म्हणत ते कॅथलिक पाठात नव्हते. दहा आज्ञांचा अनुक्रमही निराळा. पाठभेद म्हणजे केवळ अक्षरांचा फरक नव्हे, त्यामागे गुरुपरंपरा उभी असते, हे वेदशाखांचे पाठ प्राणपणाने जपणाऱ्या समाजास सांगावयास नको.

१८४२ मध्ये फिलाडेल्फियाचे बिशप केनरिक यांनी कॅथलिक मुलांना शाळेत आपलेच बायबल वाचू द्यावे, अशी विनंती केली. या साध्या मागणीचा विपर्यास झाला. मे १८४४ मध्ये दंगे उसळून सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली. जुलैमध्ये पुन्हा रक्तपात झाला. १८५९ मध्ये बॉस्टनच्या एलियट शाळेत टॉमस व्हॉल या लहानग्या कॅथलिक मुलाने दहा आज्ञा प्रॉटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणण्याचे नाकारले, तेव्हा शिक्षकाने त्याच्या हातांवर सुमारे अर्धा तास वेताचे फटके मारले. १८९० मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतील बायबलवाचन घटनाविरोधी ठरविले. तो दावाही कॅथलिक पालकांनीच आणला होता.

यावर एक तोड सुचली : कोणत्याच पंथास न बोचेल अशी प्रार्थना रचावी. १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने २२ शब्दांची तशी प्रार्थना तयार केली. पाच पालक न्यायालयात गेले आणि २५ जून १९६२ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने ती घटनाबाह्य ठरविली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे बॅप्टिस्ट संस्कारांत वाढलेले असून त्यांनी चर्चच्या रविवारच्या शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले होते. इंग्लंडातील सरकारमान्य प्रार्थनापुस्तकावरून सोळाव्या शतकात केवढे कलह माजले, याचे त्यांनी स्मरण दिले. १७ जून १९६३ च्या निकालाने शाळांतील बायबलवाचनाचा विधीही थांबला. मात्र धर्मग्रंथांच्या अभ्यासास न्यायालयाने मोकळीक ठेवली.

या निकालांनी असंख्य ख्रिस्ती माणसे मनापासून व्यथित झाली. कार्डिनल स्पेलमन आणि बिली ग्रॅहम यांनी उघड नापसंती दर्शविली. मुलांच्या दिवसातून ईश्वराचे नावच नाहीसे होईल, ही त्यांची भीती थट्टेवारी नेण्याजोगी खचित नव्हती. परंतु १९६४ मध्ये घटनादुरुस्ती करून शालेय प्रार्थना परत आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याविरुद्ध साक्ष देण्यास अनेक धर्मोपदेशकच पुढे आले. ज्या प्रार्थनेत ख्रिस्ताचे नावही घेता येत नाही ती ख्रिस्ती माणसाची प्रार्थना कसली, आणि जे सरकार आज प्रार्थना रचते ते उद्या ती बदलणार नाही कशावरून, असा हा विचार होता. लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करू नका, दार लावून एकांतात करा, हा येशूचा उपदेशही त्यास अनुकूल होता.

स्वेच्छेच्या प्रार्थनेस मात्र बंदी नव्हती व नाही. २०२२ मध्ये फुटबॉलच्या एका शिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर केलेली वैयक्तिक प्रार्थना त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी संरक्षणीय मानली. त्या निकालावर तेथील ख्रिस्ती समाजातही एकमत नाही.

आपल्या वाचकांस हा इतिहास सर्वस्वी परका वाटू नये. सोळाव्या शतकात राजसत्तेने उपासनेत हात घातला, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास न्यावी लागली. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने सरकारमान्य वा अनुदानित शाळेत कोणासही त्याच्या, वा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून उपासनेस बसविण्यास मनाई केली आहे. जेथे आपण बहुसंख्य असतो तेथे आपलीच प्रार्थना सर्वांची आहे असे सहज वाटू लागते. अशा वेळी ओठ मिटून उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलाकडे आपली दृष्टी जावी. त्याच्या घरीही देव्हारा असेल, आणि तेथील पाठ त्याच्या आईने त्याला शिकविलेला असेल.