रेषांचं जहाज, रंगांचं जहाज : 'एलीट'चं रूप कोणी आणि कसं बदललं?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना सोयीचं जातं, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे अडखळले तेवढं गाळलंय, बाकी सगळं तसंच.

सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. फॅमिली ग्रुपवर आज सकाळी आलेला गुड मॉर्निंगचा फोटो उघडा आणि त्याची साइझ बघा. शंभर-दीडशे केबी तरी असेल. आता हे ऐका. १९८४ साली इंग्लंडमध्ये एक गेम आली. तिच्यात आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८. प्रत्येक ग्रहाला नाव, सरकार, अर्थव्यवस्था, बाजारभाव. आणि हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं, त्याची मेमरी होती ३२ केबी. त्यातलीही बरीच जागा स्क्रीन आणि सिस्टिम खाऊन टाकायची. थोडक्यात, काकांच्या गुलाबाच्या फोटोत हे अख्खं विश्व तीन-चार वेळा मावलं असतं.

या गेमचं नाव 'एलीट'. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे केंब्रिजचे दोन विद्यार्थी तिचे निर्माते. गेम प्रकाशित केली एकॉर्नसॉफ्टने आणि मशीन होतं बीबीसी मायक्रो. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. त्याच सुमारास भारत सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर नेण्यासाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात हेच बीबीसी मायक्रो आणले होते. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या काही जणांनी आयुष्यात पहिल्यांदा हात लावलेला कॉम्प्युटर हाच असेल.

पण आजचा विषय नुसती जुनी गेम नाही. या गेमचे ग्राफिक्स नंतर चाहत्यांनी पार बदलून टाकले. साध्या पांढऱ्या रेषांच्या जागी चकाकता पत्रा आला, खिडक्यांत दिवे आले, इंजिनातून उजेड आला. माझा प्रश्न असा : इतकं सगळं बदलल्यावरही लोक तिला 'एलीट'च का म्हणतात? आणि म्हणावं का?

आधी रेषा का होत्या?

बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा. त्याला गुणाकाराची थेट सूचनासुद्धा नव्हती; गुणाकार हवा असेल तर बेरजा करत आणि आकडे सरकवत तो आपला आपण जुळवायचा. अशा मशीनवर थ्रीडी जहाज फिरवायचं म्हणजे प्रत्येक कोपऱ्याचं गणित सेकंदाला कित्येकदा करायचं. रंग भरायला वेळच नाही. म्हणून नुसत्या कडा काढायच्या, तारेचा सांगाडा वळवावा तशा.

पण सांगाड्यात एक घोळ असतो. मागच्या बाजूच्या रेषाही दिसतात आणि जहाज नक्की कुठे तोंड करून आहे ते कळत नाही. यावरचा उपाय फार सुंदर आहे. जहाजाचा प्रत्येक पृष्ठभाग कुठल्या दिशेला बघतोय याची नोंद ठेवायची. तो आपल्याकडे बघत असेल तर दिसणारा, पाठ करून असेल तर न दिसणारा. आणि एखादी कड तेव्हाच काढायची, जेव्हा तिच्या दोन बाजूंच्या पृष्ठभागांपैकी निदान एक तरी आपल्याकडे बघतोय. बस्स. एवढ्याने तारेचा पिंजरा भरीव वाटायला लागतो.

आणि काढलेली रेषा पुसायची कशी? तीच रेषा त्याच जागी पुन्हा काढायची. काढण्याची पद्धतच अशी होती की काळ्यावर पांढरं होतं आणि पांढऱ्यावर पुन्हा काळं. म्हणजे पेन्सिल आणि खोडरबर एकच.

ग्रहांचंही तसंच. २,०४८ ग्रहांची यादी मेमरीत ठेवलेलीच नव्हती. ठेवले होते फक्त सहा बाईट, म्हणजे तीन आकडे. त्यांची बेरीज करून पुढचा आकडा, मग परत बेरीज, असं करत करत एकेक ग्रह जन्माला यायचा. नावं दोन-दोन अक्षरांचे तुकडे जोडून व्हायची. 'ला' आणि 'वे' जोडले की झाला लावे, म्हणजे तुमचा सुरुवातीचा ग्रह. 'दि' आणि 'सो' जोडले की दिसो. आकडे तेच, बेरीज तीच, त्यामुळे लंडनमधल्या मुलाचा लावे आणि दिल्लीतल्या मुलाचा लावे अगदी सारखाच. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

गेम होती तरी काय?

हातात १०० क्रेडिट, एक कोब्रा जहाज, त्यात २० टन माल मावणार. शेतीच्या ग्रहावरून धान्य उचला, कारखान्यांच्या ग्रहावर विका, तिथून कॉम्प्युटर घेऊन परत या. दिसो ते लीस्ती आणि लीस्ती ते दिसो, अशा खेपा जुन्या खेळाडूंना आजही पाठ आहेत. वाटेत लुटारू. हवं तर तुम्हीच लुटारू व्हा. 'हे कर' असं सांगणारं कोणी नाही, शेवट नाही, तीन लाइफ नाहीत. त्या काळच्या एका मोठ्या कंपनीने तर याच कारणासाठी गेम नाकारली होती : स्कोअर कुठाय, तीन लाइफ कुठायत, खेळ दहा मिनिटांत संपत का नाही?

पाठीवर शाबासकी म्हणून फक्त एक पदवी. सुरुवातीला तुम्ही 'हार्मलेस', म्हणजे निरुपद्रवी. ६,४०० जहाजं पाडली की मग 'एलीट'.

आता एक गंमत. डब्यात कॅसेट किंवा डिस्कबरोबर एक जाडसर माहितीपुस्तिका असायची आणि सोबत रॉबर्ट होल्डस्टॉक यांनी लिहिलेली 'द डार्क व्हील' नावाची छोटी कादंबरी. पोरं आधी ती वाचायची आणि मग पडद्यावरच्या सात-आठ रेषांत त्यांना अख्खं जहाज दिसायचं, आतल्या माणसासकट. मला तर वाटतं, 'एलीट'च्या ग्राफिक्सचं पहिलं मॉड कोडमध्ये नव्हतंच. ते कागदावर होतं.

मग चाहते कामाला लागले

पुढचा अधिकृत भाग, 'फ्रंटियर', १९९३ साली आला. त्यात रंगीत भरीव आकार होते. १९९५ साली त्याचा पुढचा भाग आला, 'फर्स्ट एन्काउंटर्स', आणि तो चुकांनी भरलेल्या अवस्थेतच बाजारात गेला. चाहत्यांनी त्याची फाइल उलगडली, ती आधुनिक विंडोजवर चालेल अशी पुन्हा बांधली आणि नंतर त्याच पायावर नवे थ्रीडी ग्राफिक्स चढवले. म्हणजे जुन्या इंजिनाचं धड तेच, वरचा पत्रा नवा.

मूळ 'एलीट'च्या वाट्याला दोन रस्ते आले, आणि या गोष्टीतला खरा पेच तिथे आहे.

पहिला रस्ता ख्रिश्चन पिंडर यांचा. त्यांनी बीबीसीवरची गेम उकलून तिचं आतलं वागणं जसंच्या तसं सी भाषेत उतरवलं. नाव ठेवलं 'एलीट : द न्यू काइंड'. अगदी निष्ठेने केलेलं काम. पण २००३ साली ब्रेबेन यांच्या विनंतीवरून तिचं वितरण थांबवावं लागलं. कायद्याच्या बाजूने बघितलं तर त्यात नवल नाही. गेम त्यांची, नाव त्यांचं. तरीपण खेळणाऱ्याच्या बाजूने बघा. एखादी गोष्ट मरू नये म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं राबतं आणि एका निरोपाने ती कपाटात जाते. दुसरीकडे इयन बेल यांनी आपल्या वेबसाइटवर मूळ गेमच्या कितीतरी आवृत्त्या आणि कोडसुद्धा ठेवून दिलं होतं. एकाच गेमचे दोन बाप, आणि पोराला किती मोकळं सोडायचं याबद्दल दोघांची दोन मतं.

दुसरा रस्ता जाइल्स विल्यम्स यांचा. त्यांनी 'एलीट'चं जग घेतलं, पण कोड नव्याने लिहिला, आधी मॅकसाठी. त्या गेमचं नाव 'ऊलाइट'. नावातले पहिले दोन 'ओ' म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड, ही प्रोग्रॅमरची कोटी. २००४ च्या सुमारास ती लोकांपर्यंत पोचली, पुढे विंडोज आणि लिनक्सवरही आली, आणि कोड खुल्या परवान्याखाली ठेवला गेला. सगळ्यात शहाणपणाचा निर्णय म्हणजे गेमची दारं उघडी ठेवणं. एक फोल्डर तयार करा, त्यात जहाजाचा आकार, चित्रं आणि साध्या मजकुराची एक फाइल टाका, ते गेमच्या शेजारी ठेवा, की तुमचं जहाज आकाशात हजर. याला म्हणतात ओएक्सपी, म्हणजे एक्सपान्शन पॅक.

पत्रा सपाटच, पण खडबडीत

ऊलाइटची सुरुवातीची जहाजं साधीच होती. मग चाहत्यांनी जहाजांचे नवे संच बनवायला घेतले. त्यातल्या चांगल्या संचांमध्ये वापरलेली एक युक्ती सांगते, कारण आजच्या बऱ्याच थ्रीडी गेममध्ये ती असते. तिचं नाव नॉर्मल मॅप.

जहाजाची बाजू असते सपाट. तिच्यावर एक छुपं चित्र चढवतात. ते चित्र आपल्याला दिसत नाही, त्याचा प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डला सांगतो, "इथला पत्रा जरा डावीकडे कललेला आहे असं समज." मग कार्ड त्या हिशोबाने उजेड-सावली पाडतं आणि सपाट भिंतीवर रिव्हेट, खाचा, पोचे दिसायला लागतात. त्यावर दुसरं चित्र, कुठे किती चमक ते सांगणारं. तिसरं, कुठे स्वतःचा उजेड आहे ते सांगणारं. खिडक्या आणि इंजिनं त्याच्यातून पेटतात.

आता यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. या संचांत कोब्राचा बाह्याकार बदललेला नाही. तेच पसरट, पुढे निमुळतं, पाचरीसारखं जहाज. स्टेशनही तेच, कोपरे कापलेल्या ठोकळ्यासारखं, गरगर फिरणारं, एका बाजूला अरुंद दार असलेलं. हे नुसतं जुन्याचं प्रेम म्हणून नाही. या खेळात लांबून येणारं जहाज व्यापारी आहे की लुटारू, हे तुम्हाला बाह्याकारावरून ओळखायचं असतं, आणि तेही पटकन. बाह्याकार बदलला तर खेळाडूचा डोळाच आंधळा होतो.

या भागासाठी मी दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी लावून खेळले. रेषांच्या आवृत्तीत स्टेशनच्या दारावर सलग चार वेळा आपटून मेले. वाटलं, नव्या ग्राफिक्समध्ये सोपं जाईल, दार स्पष्ट दिसतंय की! तिथे तीन वेळा मेले. दिसलं नीट, पण फिरणाऱ्या दाराच्या तालात आपलं जहाज फिरवायला दोन्हीकडे तेवढंच शिकावं लागतं. दिवे लावून ती शिक्षा माफ होत नाही.

मग 'एलीट' आहे कुठे?

सुरुवातीचा प्रश्न आता घेऊ. ऊलाइटमध्ये ग्राफिक्सचं कितीही भारी पॅक टाका, तुम्ही निघता लावेवरूनच. नकाशावर लावेचं वर्णन उघडा : तिथली घनदाट जंगलं आणि झाडावरची ती अळी, १९८४ सालीही हेच होतं. खिशात १०० क्रेडिट. टाकीत सात प्रकाशवर्षांचं इंधन. 'एलीट' पदवीसाठी ६,४०० जहाजं, एकही कमी नाही. ग्रहांचा नकाशा त्या सहा बाईटच्या बेरजांतून आला होता, तोच इथेही आहे. रूप बदलणाऱ्यांनी हिशोबाला हात लावला नाही.

म्हणूनच त्या समुदायात दोन प्रकारच्या मॉडना दोन वेगळ्या मापांनी मोजतात. जहाज सुंदर केलंत? स्वागत आहे. जहाजाला फुकटची ताकद दिलीत? तर भुवया उंचावतात. आणि ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी ऊलाइटने कितीतरी वर्षं 'स्ट्रिक्ट' नावाचा पर्याय ठेवला होता : सगळी पॅकं बाजूला, फक्त मुळातला खेळ.

पण मी असंही म्हणणार नाही की रूप म्हणजे वरवरची गोष्ट. १९८४ सालच्या मुलाला रेषा पुरल्या, कारण त्याने त्यापेक्षा चांगलं काही बघितलंच नव्हतं आणि डब्यात कादंबरी होती. आज विशीतल्या कोणाला रेषा दाखवल्या तर तो दोन मिनिटांत बंद करेल, आणि मग ते २,०४८ ग्रह त्याच्यासाठी नसल्यातच जमा. नव्या रूपाने त्याला दारापर्यंत आणलं. आतला खेळ आवडला तर तो राहील.

जाता जाता तुमच्यासाठी एक प्रश्न. शाळेत असताना फोनवर तुम्ही जी गेम वेड्यासारखी खेळायचात, ती आज चालते का? बऱ्याच जणांचं उत्तर असेल, नाही. स्टोअरवरून गेली, सर्व्हर बंद झाला, नव्या फोनवर उघडत नाही. 'एलीट' चाळीस वर्षांनंतरही चालते, कारण तिचे नियम कोणीतरी समजून घेतले, पुन्हा लिहिले आणि ते उघड्यावर ठेवले. एका प्रयत्नाला थांबावं लागलं, दुसरा टिकला. हे आपोआप झालेलं नाही.

तुमच्या त्या गेमचं नाव कमेंटमध्ये लिहा. आणि ऊलाइट फुकट आहे, लॅपटॉप असेल तर खेळून बघा. स्टेशनच्या दारावर आपटलात तर मला नावं ठेवू नका. भेटू पुढच्या भागात!