डेल्फीची देवी आणि महाडचे तळे

आगरदांड्याला फेरीबोटीत बसायचे, दिघीला उतरायचे, म्हसळा-माणगाव करत महाड गाठायचे, ही माझी मुरुडहून दर मार्चातली वारी. अशाच एका फेरीत एसटीत ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ पुन्हा वाचत होतो आणि रोमपाशी अडलो.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण न झालेले हे १९३६चे भाषण. राजकीय हक्कावर धर्म कशी मात करतो हे दाखवायला बाबासाहेब रोमचा दाखला देतात. प्लेबियनांना, म्हणजे सामान्य रयतेला, कॉन्सलपद मिळाले. पण निवडलेला माणूस डेल्फीच्या देवीला मान्य असावा लागे, आणि पुजारी सगळे पॅट्रिशियन, म्हणजे उमराव.

आता डेल्फी ग्रीसमध्ये, तिथला देव अपोलो. रोमच्या कॉन्सलवर तिथून शिक्कामोर्तब होत असल्याचा पुरावा नाही. मला लॅटिन येत नाही. लिव्ही इंग्रजीतून वाचला. त्यात दिसते ते असे, की कौल लावणारे ऑगर रोमच्या घरचेच होते. इ. स. पूर्व ३६७ मध्ये कॉन्सलपद प्लेबियनांना खुले झाले, पण ऑगरांच्या मंडळात त्यांचा शिरकाव थेट इ. स. पूर्व ३०० मध्ये. त्यानंतरही काय झाले पाहा. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ. स. पूर्व २१५ मध्ये, मार्सेलस निवडून आला. दुसरा कॉन्सल आधीच प्लेबियन होता. मार्सेलस पद स्वीकारत असताना ढग गडगडले. ऑगरांनी निवड सदोष ठरवली. दोन्ही कॉन्सल प्लेबियन हे देवांना रुचले नाही, अशी कुजबुज उमरावांनी पसरवली. एवढा नामांकित सेनानी, मुकाट पायउतार झाला. जागी आला उमराव फेबियस.

म्हणजे देवी चुकली, मुद्दा नाही. (रोमच्या दंतकथेवर उभे राहिलेले सगळेच असे तगत नाही. मुसोलिनीच्या ‘रोमन सलामा’ला प्राचीन रोममध्ये आधार सापडत नाही.) चूक दाखवली की काही स्नेही माझ्यावर रागावतात, मला तर खरा दाखला अधिक पक्का वाटतो.

कारण मार्सेलस वाचताना महाडच आठवते. १९२३चा बोले ठराव होता, १९२४चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. चवदार तळे कागदावर सर्वांना खुले होते. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रही पाणी प्यायले आणि मग गावात हूल उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या निघाल्या त्या या हुलीनंतर. पुढे शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ झाले आणि ऑगस्टात नगरपालिकेने ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. न झालेले ते भाषण छापून तोवर दहा महिने झाले होते.