गोळी निवडण्याआधी

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याला रायफल नेमबाजीचा नाद लागला आहे. एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, तू इतिहास शिकवलास ना आयुष्यभर? मग सांग, गोळी कुठली घेऊ?"

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता ती पुन्हा भरायची, असा तिकडच्या नेमबाजांचा रिवाज. जिन्नस चार. पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी, दारू आणि तोंडाशी गोळी. भाचा दुकानात गेला आणि गोळ्यांची फळीच्या फळी बघून गांगरला. हलकी, जड, टोकदार, बोथट, तांब्याच्या कवचाची, उघड्या शिशाच्या नाकाची. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे या बाबतीत माझा हात कोराच. पण मी राहतो नळदुर्गात. त्याला म्हटलं, उद्या किल्ल्यावर जाऊन येतो, मग सांगतो.

पाणी महालाच्या गर्दीतून वाट काढत मी उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढलो. वर दोन लांबलचक तोफा पडून आहेत. पोरं त्यांवर बसून फोटो काढतात. मी एकीच्या तोंडात हात घालून पाहिला. तोफ ओतली की तिच्या तोंडाचं माप कायमचं ठरतं आणि गोळा त्या मापाने घडवावा लागतो. शेजारच्या तोफेचा गोळा चालेलच असं नाही. मोठा असेल तर अडकतो, फार लहान असेल तर दारूचा जोर त्याच्या कडेने निसटून जातो. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच होतं. आधी नळी, मग गोळी.

हीच अडचण बंदुकीला शेकडो वर्षं छळत होती. नळीच्या आत पीळदार आटे पाडले की गोळी गरगरत जाते आणि नेम लांबवर धरते, हे कारागिरांना माहीत होतं. पण आट्यांना घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून आत घालायची तर लढाईत तेवढा वेळ कुणाला? 1849च्या सुमारास मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने तोड काढली. नळीपेक्षा बारीक, मागून पोकळ अशी शिशाची लांबट गोळी. आत सहज सरकते, आणि बार झाला की मागची कड फुगून आट्यांत रुतते. याच कल्पनेवर इंग्रजांनी 1853 सालची एनफिल्ड बांधली. नळीचं तोंड 0.577 इंचाचं, आटे तीन, गोळी सुमारे 34 ग्रॅमची.

या बंदुकीचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. तिच्यात एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीकडच्या कागदाला चरबी. टोपी वेगळी, ती बंदुकीला बाहेरून लावायची. शिपायाने दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळी कागदासकट आत घालायची, उरलेला कागद तोडायचा आणि गजाने ठासायचं. चरबीमुळे गोळी सरकते आणि नळीतली काजळी मऊ राहते. कारागिराच्या नजरेने पाहिलं तर सगळे जिन्नस एकमेकांना धरून होते. खोट काढायला जागा नव्हती.

याच 1853 साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचा भाग इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. फिलिप मेडोज टेलर नळदुर्गाला डेप्युटी कमिशनर म्हणून आला. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. आणि त्याच वर्षी एनफिल्डची चरबी लावलेली काडतुसं हिंदुस्थानात आली, तीही फक्त एका परीक्षेसाठी. इथल्या हवेत चरबी कशी टिकते, एवढंच पाहायचं होतं. डिसेंबर 1853मध्ये कर्नल टकर या अधिकाऱ्याने लेखी बजावलं की ही चरबी कुणाच्या जातीधर्माला बाधणारी नाही याची खात्री होईपर्यंत देशी पलटणींना ही काडतुसं देऊ नयेत. पत्र दफ्तरात गेलं आणि तिथेच राहिलं. उन्हाचा हिशेब झाला, पण दाताचा राहिला.

जानेवारी 1857मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला गाय-डुकराच्या चरबीची वार्ता फुटली. सरकारने घाईघाईने मुभा दिली की शिपायांनी आपलं वंगण आपणच लावावं. पुढे दाताऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. पण तोवर संशय चरबीवरून कागदावर सरकला होता. नवा कागद चकाकतो, म्हणजे त्यातही काहीतरी असणार. एका जिन्नसावरचा विश्वास उडाला की तो बदलून भागत नाही, हे वाचताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. 24 एप्रिलला मेरठच्या घोडदळातल्या 90 शिपायांपैकी 85 जणांनी काडतुसं हातात घेतली नाहीत, आणि ती तर जुनी, त्यांच्या रोजच्या सवयीची होती! 9 मे रोजी त्यांना भर कवायतीत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी मेरठ पेटलं.

त्या उन्हाळ्यात टेलर नळदुर्गातच होता. पुढे त्याला वऱ्हाडात जाण्याचा हुकूम आला, आणि रेसिडेंटने सांगितलं की द्यायला फौज नाही, कसंबसं तग धरा. हजार वारांवर नेम धरणारी बंदूक बनवणाऱ्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याला आता आधार होता तो रयतेशी असलेल्या ओळखीचा. 1860मध्ये नळदुर्ग निजामाला परत मिळालं.

बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी केलेली निवड तर अजून बोलकी आहे. एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक त्यांच्या हाती दिली. आटेच नाहीत. नेम कमी लागावा म्हणून मुद्दाम निवडलेली नळी! पुढे 1860च्या दशकात बॉक्सरचं पितळी काडतूस आलं, टोपी बुडाशीच बसली, फाडायला कागद उरला नाही. भाचा आज दुकानातून आणतो ते चार जिन्नस याच वाटेने आले. गोळीच्या लांबीला आट्यांचा पीळ किती हवा, याचं सूत्र ग्रीनहिल या गणितज्ञाने 1879मध्ये मांडलं. लांब, जड गोळीला घट्ट पीळ लागतो.

फोनवर मी त्याला एवढंच सांगितलं. आधी तुझ्या रायफलीचा पीळ बघ, मग गोळीचं वजन ठरव. लक्ष्यावर भोकं पाडायची आहेत, तर शिकारीची मऊ नाकाची गोळी कशाला? गोळी बनवणाऱ्याचं छापील पुस्तक पहिल्यांदा विकत घे आणि त्यात लिहिलेल्या सर्वांत कमी दारूपासून सुरुवात कर. चारांतला एक जिन्नस बदललास तर बाकीचं माप जुनंच राहील असं धरून चालू नकोस.

महिन्याभराने त्याचा पुन्हा फोन आला. काडतुसं नीट जमली होती. एका मित्राने त्यातली वीसेक मागितली आणि याने नाही म्हटलं, म्हणून मित्र रुसला होता.

"का नाही दिलीस?"

"त्याची रायफल वेगळी आहे, मामा. आणि आत काय भरलंय ते फक्त मला माहीत आहे. त्याने नुसतं माझ्या शब्दावर कसं झाडावं?"

टकरचं पत्र याहून फार वेगळं नव्हतं. त्याला म्हटलं, "बरोबर केलंस."