उमेदवार नसलेलं मतदान: अटलांटा, १९१९ ते १९२४

मताधिकारावर प्रस्ताव लिहायला बसलं की आपण लगेच उमेदवार, पक्ष आणि निकाल यांच्याकडे वळतो. मीही तेच करायचो. आज तुम्हाला ज्या मतदानाबद्दल सांगायचंय, त्यात उमेदवारच नव्हता.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या १८७७ च्या संविधानात शहरांवर एक कडक अट होती. शाळा, पाणीपुरवठा, गटारं अशा मोठ्या बांधकामांसाठी कर्ज काढायचं तर आधी मतदारांचा दोन-तृतीयांश कौल मिळवायचा आणि कर्ज तीस वर्षांत फिटेल एवढा वार्षिक कर तेव्हाच ठरवून ठेवायचा. हा भार मुख्यतः मालमत्ता करावर, म्हणजे घरपट्टीवर. आपल्याकडे घरपट्टीसाठी असं मतदान होत नाही, त्यामुळे मला हे समजायला जरा वेळ लागला. शिवाय पडलेल्या मतांत जिंकणं पुरेसं नव्हतं, नोंदणी झालेल्या मतदारांची संख्याही हिशेबात यायची. म्हणजे नाव नोंदवून घरी बसलेला माणूससुद्धा जवळपास विरोधातच जमा!

अटलांटात कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवायची व्यवस्था पक्की होती: पोल टॅक्स, १९०८ नंतर साक्षरतेच्या अटी, आणि डेमोक्रॅटिक पक्षाची फक्त गोऱ्यांसाठीची प्राथमिक निवडणूक. खरा निकाल तिथेच लागायचा. पण बाँडच्या मतदानाला प्राथमिक फेरीच नसते. तिथे त्यांचं मत मोजावंच लागायचं.

त्यांच्या मुलांसाठी शहरात एकही सरकारी हायस्कूल नव्हतं. १९१७ मध्ये तर शाळा मंडळ त्यांची सातवीही बंद करायला निघालं होतं. एनएएसीपीच्या नव्या शाखेने ते अडवलं. पुढे पाद्री ए. डी. विल्यम्स शाखेचे अध्यक्ष असताना मतदार नोंदणीची मोहीम झाली आणि १९१९ मध्ये शाळांसाठीचे कर-कर्जाचे प्रस्ताव पडले. ज्यांना शाळा हव्या होत्या, त्यांनीच शाळांच्या पैशाला नाही म्हटलं. का, तर पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे जाणार आणि कर मात्र सगळ्यांनी भरायचा. १९२१ मध्ये आपल्या शाळांच्या वाट्याचं आश्वासन घेऊनच त्यांनी पाठिंबा दिला, आणि ४० लाख डॉलरचा बाँड मंजूर झाला. १९२४ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल उघडलं. विल्यम्स यांचा नातू मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर पुढे याच शाळेत शिकला.

आता नुसता १९१९ चा निकाल तुमच्या हातात आला असता तर तुम्ही काय लिहिलं असतं? ‘करदाते शिक्षणावर खर्च करायला तयार नव्हते.’ माझ्या पहिल्या टिपणात जवळजवळ हेच वाक्य होतं, आणि ते दिसायलाही चांगलं दिसत होतं. तेव्हा मतांचा आकडा मिळाला की नोंदणीचा आकडा शेजारी ठेवा. मग मंजूर झालेला पैसा कुठल्या वस्तीतल्या इमारतींवर खर्च झाला ते शोधा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

हायस्कूल मिळालं तरी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा दोन पाळ्यांत भरणं नंतरही चालूच राहिलं. माझा सध्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.